तीन लाखांचं कोटेशन आणि मुका स्पीकर: जुळे सोलापुरातल्या एका हॉलचं प्रकरण

मे २०२५ मधली गोष्ट. जुळे सोलापुरातल्या एका काकांचा फोन आला. काका चादर-टॉवेलच्या धंद्यातले, आता कारखाना पुतण्याकडे सोपवून घरी असतात. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना व्हॉट्सअॅपवर एक कोटेशन पाठवलं होतं. ६५ इंची टीव्ही १,०८,०००, नवा रिसीव्हर ७८,०००, अॅटमॉसचे, म्हणजे वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचे, स्पीकर १,१२,००० आणि जोडणी-फिटिंग १२,०००. एकूण तीन लाख दहा हजार. काकांनी मला एवढंच विचारलं, "घ्यायचं का थांबायचं, एवढं सांगा. बाकीचं मला कळत नाही."

हेच कोटेशन मी दुकानात बसून वाचलं असतं तर कदाचित घ्या म्हणालो असतो. सामान चांगलंच होतं. पण घरी जाऊन बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही अशी माझी सवय आहे, आणि या वेळी ती कामी आली.

घरातलं सामान २०११ चं. ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही. एक ५.१ रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा डबा, ज्याला घरात सगळे 'अॅम्प' म्हणतात, चित्र-आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या एचडीएमआयच्या जुन्या १.४ पिढीचा. समोर दोन उभे स्पीकर, मधला एक, मागे भिंतीवर दोन छोटे आणि आठ इंची सबवूफर, खालच्या घुमणाऱ्या आवाजासाठीचा. हॉल १२ बाय १६, छत दहा फूट, खाली चकचकीत टाइल्स, पश्चिमेला भिंतभर काचेची खिडकी. सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर. त्या काळात हे सगळं हौसेने घेतलेलं होतं, आणि निवडही वाईट नव्हती.

तक्रारी विचारल्या तर प्रत्येकाची वेगळी निघाली. काका म्हणाले, "संवादच कळत नाहीत ओ. पिक्चर बघलालो की रेडिओ ऐकलालो, कळंना झालंय." काकूंचं नेमकं उलटं: आवाज इतका मोठा असतो की शेजारच्या वहिनी विचारतात, घरी भांडण झालं का? सबवूफर फडफडतो. अॅम्प उन्हाळ्यात मधेच बंद पडतो. इंटरनेटवरचे पिक्चर दाखवणारी स्टिक अॅम्पवर चालत नाही, म्हणून केबलवाल्या पोराने ती टीव्हीला लावून दिली. टीव्ही दुपारी फिका दिसतो आणि हल्ली दोन-तीनदा बटण दाबल्यावरच सुरू होतो. मुलाची तक्रार एकाच वाक्याची: "बाबा, चौदा वर्षं झाली, जुनं झालंय."

यातलं 'जुनं झालंय' हे कारण मी बाजूला ठेवलं. आजोबांचा ग्रामोफोनही जुनाच असतो. बाकीच्या तक्रारींना मात्र कारणं असणार होती, आणि प्रत्येक कारण एकाच कोटेशनने जाणार का, हा खरा प्रश्न होता.

मधला स्पीकर

मी आधी अॅम्पच्या मागे हात घातला. स्टिक टीव्हीला, आणि टीव्हीतून अॅम्पकडे लाल-पांढरी पिन. म्हणजे दोनच चॅनेल. ५.१ मधला मधला स्पीकर, ज्याच्यावर चित्रपटाचे बहुतेक संवाद असतात, तो पूर्ण गप्प होता. घरी विचारलं तर केबलवाला पोरगा येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मधला स्पीकर मुका, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आवाज तर येतच होता.

दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला की तो मधून येतोय असं वाटतं खरं, पण ते फक्त बरोबर मधे बसणाऱ्याला. काकांची खुर्ची व्हरांड्याच्या दाराशी, एका टोकाला. त्यांना एकाच बाजूचा स्पीकर आणि भिंतींवरून परतलेला आवाज ऐकू यायचा. साहजिकच ते रिमोटवर आवाज चढवत राहायचे, आणि मग मारामारी सुरू झाली की काकू स्वयंपाकघरातून बाहेर.

'अॅम्प जुना, म्हणून स्टिक चालत नाही' हा त्या पोराचा निष्कर्षही चुकीचा निघाला. अॅम्पचं पहिलं एचडीएमआय भोक ढिलं झालं होतं, एवढंच. तिसऱ्यात लावली तर चित्र आलं, आवाज आला, आणि डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल प्लस या अनेक चॅनेलच्या आवाजाची अक्षरं उमटली. इथे थोडं खोलात जायला हवं, कारण अर्धवट माहितीवर माणसं इथेच पैसे घालवतात. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, चित्राला वाटेतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप-किल्लीचं प्रकरण लागतं, आणि १.४ च्या जमान्यातल्या अॅम्पमध्ये ते नसतं. पण पुढे टीव्हीच फोर-के नसेल तर स्टिक गुपचूप फुल एचडीवर उतरते आणि जुनी किल्ली चालते. हा अॅम्प अडचण करणार होता तो नवा टीव्ही आल्यावर. त्या दिवशी नाही.

मधला स्पीकर शोकेसच्या खणात वीतभर आत ढकललेला होता, त्याच्यापुढे दोन फोटो आणि एक पितळी बैल. स्पीकर खणाच्या कडेशी आणला, खाली रबराचे तुकडे देऊन तोंड थोडं वर केलं, आणि सेटिंगमध्ये त्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा तीन डेसिबलने वाढवला. रात्रीसाठी अॅम्पमध्ये मोठा-लहान आवाज जवळ आणणारी सेटिंग असते, तीही लावली. खर्च शून्य. बैल दुसऱ्या खणात गेला, त्याबद्दल काकू थोड्या नाराज झाल्या.

चादरी

तरीही आवाज मोकळा वाटेना. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली, तर टाळीनंतर एक झणझणीत शेपूट ऐकू आलं. टाइल्स, काच, गुळगुळीत भिंती, सपाट स्लॅब. आवाजाला जिरायला जागाच नाही. नव्या बंगल्यांत हे सगळीकडे आहे, आणि नवे स्पीकर घेऊन ते जात नाही. उलट महागडे स्पीकर तोच गोंधळ जास्त स्वच्छ ऐकवतात.

हे काही नवं ज्ञान नाही. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्याने सॅंडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज किती वेळ घुमतो ते मोजलं, आणि त्यातून एक सूत्र काढलं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ ने गुणायचं आणि आवाज शोषणाऱ्या चौरस मीटरने भागायचं. येतात ते सेकंद.

काकांचा हॉल साधारण ५४ घनमीटरचा. टाळीच्या शेपटावरून माझा अंदाज एक सेकंदाचा, म्हणजे खोलीत शोषण पावणेनऊ चौरस मीटरच्या आसपास. घरात बसून पिक्चर बघायला याच्या निम्मी घुमक पुरे. काकांना म्हटलं, बाजारात फोमचे तक्ते मिळतात. ते हसले आणि आतल्या खोलीचं कपाट उघडलं. सोलापुरात ज्याच्या घरी चादरीचा धंदा त्याच्या कपाटात किती चादरी असतील, याचा हिशेब सॅबिनलाही लागला नसता.

सपाट ताणून भिंतीला चिकटवलेली चादर फारसं काही करत नाही. चुण्या घालून आणि भिंतीपासून चार-पाच इंच सोडून टांगली तर करते. साठ बाय नव्वद इंचांच्या चार जाड चादरी, मागच्या भिंतीवर आणि खिडकीवर, दांड्यांना. चुण्यांमुळे चौदा चौरस मीटर कापड सातावर आलं, आणि हिशेबाने त्यातून चार-सव्वाचार चौरस मीटर शोषण मिळालं. खाली सतरंजी टाकली. घुमक एक सेकंदावरून साधारण ०.६५ सेकंदावर आली. घनगंभीर खालच्या आवाजाला चादर हात लावू शकत नाही, त्याचा नाद तसाच राहिला. पण 'स', 'श', 'च' ही अक्षरं वेगळी ऐकू येऊ लागली. खिडकीवरची चादर दुपारी टीव्हीवरचा उजेडही अडवते, हा फायदा माझ्या डोक्यात नव्हता. तो काकूंनी दाखवला.

काकांचे कान

इथपर्यंत आल्यावर संवाद मला स्वच्छ कळत होते, काकूंना कळत होते, काकांना अजूनही सगळे नाही. मी जरा चाचरतच विचारलं, "काका, मागावर किती वर्षं काढली?" आधी भाड्याच्या शेडमध्ये, मग स्वतःच्या, तीस वर्षं. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागतं. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि मागाची शेड ती सहज ओलांडते. अशा आवाजात वर्षं काढलेल्या कानाला पहिला फटका बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे शब्दाला धार देणारी व्यंजनं असतात त्याच भागात. मग माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाही. काकांचं पहिलं वाक्य आठवा.

काका चिडले. "म्हणजे मी बहिरा?" दोन आठवडे फोन नाही. मग काकूंनीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, दोन्ही कानांत ४,००० पाशी खड्डा होता. यंत्र लावायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं, त्यात मी पडलो नाही. पण १,१२,००० चे स्पीकर घेतले असते तर ते याच खड्ड्यात पडले असते. साठीच्या पुढच्या माणसाने संवाद कळत नाही म्हणून तक्रार केली की मी आता सामान बघायच्या आधी हा प्रश्न विचारतो. तेवढं धाडस या घराने दिलं.

अॅम्प आणि सबवूफर

अॅम्प शोकेसच्या बंद खणात, वरती काकूंनी क्रोशाने विणलेला रुमाल. सोलापूरचा मे महिना, बाहेर ४२-४३ अंश, आणि खणात काय असेल ते सिद्धेश्वरालाच ठाऊक. गरम झाला की स्वतःला वाचवायला तो बंद पडत होता. तो बिघाड नव्हता, शहाणपणा होता.

झाकण काढलं तर आत रुईच्या धुळीचा थर. आधीचं घर शेडला लागून होतं, तिथली. वीजपुरवठ्याच्या बोर्डावर दोन कॅपेसिटर, म्हणजे वीज साठवून सुरळीत देणारे भाग, डोक्यावर फुगलेले. कॅपेसिटरचा एक ढोबळ नियम आहे: दहा अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तासांची हमी असेल तर ७५ अंशांना १६,००० तास आणि ६५ ला ३२,०००. दिवसाला साडेचार तास धरले तर दहा वर्षं विरुद्ध जवळपास वीस. त्या रुमालाची किंमत काढायची तर अशी निघते. कॅपेसिटर बदलले, धूळ काढली, अॅम्प उघड्या खणात आणला, वर हातभर जागा सोडली. रुमाल आता फ्रिजवर आहे.

सबवूफरच्या कोनाभोवतीची फोमची रिंग हात लावताच भुगा झाली. उष्ण हवेत फोमचं हे दहा-पंधरा वर्षांत होतंच. उभ्या स्पीकरांना रबराची रिंग होती, ती शाबूत. नवीपेठेत रिंग बदलून मिळाली, नऊशे रुपयांत.

टीव्ही: इथे मी चुकलो

उरला टीव्ही, आणि तो मात्र खरोखर बदलायला आला होता. फिका पडलेला, आणि दोन-तीन प्रयत्नांनी सुरू होणारा पॉवर बोर्ड. त्याचे सुटे भाग शोधण्यात अर्थ नव्हता. पॅनासॉनिकने प्लाझ्मा बंद करायची घोषणा २०१३ मध्येच केली होती आणि बाकीचेही मागोमाग थांबले. मी सांगितलं, घ्या, पण दिवाळीत घ्या. सणाला भाव पडतात, तोवर हा चालेल.

तो चालला नाही. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, २७ ऑगस्टला, आरतीनंतर तो लागलाच नाही. मुलगा पुण्याहून आला होता, आणि त्याचा मला फोन: "तुम्हीच थांबायला सांगितलं होतं ना?" होतं. पहिल्या प्रयत्नात सुरू न होणारा पॉवर बोर्ड पाच महिने काढेल हा अंदाज मी कशाच्या जोरावर बांधला, मलाच सांगता येत नाही. काकांनी महिनाभर पुतण्याच्या ऑफिसातल्या २४ इंची पडद्यावर बातम्या बघितल्या.

मग नशीब आलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, अंमल २२ सप्टेंबरपासून. १,०८,००० च्या टीव्हीत मूळ किंमत ८४,३७५. नव्या कराने ९९,५६०. साडेआठ हजारांचा फरक. मला हे आधी माहीत असल्यासारखं काका आता लोकांना सांगतात. माहीत नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत कोणता घ्यायचा ते ठरवलं. अंतर दहा फूट. ४२ इंची पडदा तिथून सतरा अंशांचा कोन व्यापतो. सिनेमाच्या अनुभवासाठी ३० अंशांची शिफारस असते. ६५ इंची साडेसव्वीस अंशांपर्यंत जातो, ७५ इंची तीसवर. भिंतीवर ६५ च बसत होता. आकार हे बदलण्याचं खरं कारण होतं. फोर-के नव्हतं: डोळ्याला साधारण अंशाचा साठावा भाग वेगळा दिसतो, आणि दहा फुटांवरून ६५ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपकेसुद्धा त्याच्या आत जातात. हल्ली या आकारात फोर-के शिवाय काही मिळतच नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळे पैसे देण्याचा प्रश्न नाही.

खरा सापळा वेगळाच होता. प्लाझ्माचा काळा रंग काळा असतो. स्वस्त एलईडी टीव्हीमध्ये मागचा दिवा सगळीकडे जळत राहतो आणि रात्रीचं दृश्य राखाडी दिसतं. प्लाझ्मा काढून साधा एलईडी घेणारे लोक महिन्याने म्हणतात, नव्यात मजा नाही. त्यांना कारण सापडत नाही. ओएलईडी, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो, काळ्यात उत्तम, पण पश्चिमेची खिडकी आणि दुपारचं क्रिकेट हे बघता आम्ही मिनी-एलईडीकडे गेलो, ज्यात मागचे दिवे तुकड्यातुकड्याने मंद होतात. दुकानात काकांनी पेनड्राइव्हवर स्वतःचं रात्रीचं दृश्य नेलं आणि विक्रेत्याला भडक मोड बंद करायला लावला. तो म्हणाला, "काका, असं कुणी बघत नाही." काका म्हणाले, "मी घरी असंच बघणार हाय की."

२२ सप्टेंबर, घटस्थापना. टीव्ही ९७,५०० ला मिळाला.

जोडल्यावर

अॅप्स टीव्हीतच चालवायची आणि आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीतून उलट, जुन्या अॅम्पकडे पाठवायचा, हा बेत. चित्र अॅम्पमधून जातच नाही, त्यामुळे एचडीसीपीचा प्रश्न मिटला. पहिल्या दिवशी ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. अॅम्प आवाज मागे ढकलू शकतो, पुढे ओढू शकत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाला लावलेला विलंब शून्य केला आणि आवाजाचा प्रकार साध्या डॉल्बी डिजिटलवर बांधला, तेव्हा जुळलं. अॅटमॉस या जोडणीत मिळत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगितलं. त्याने मान्य केलं, पूर्ण मनापासून नव्हे.

२८ सप्टेंबरला दुबईतला आशिया चषकाचा अंतिम सामना त्या पडद्यावर झाला, भारत-पाकिस्तान. हॉलमध्ये बारा माणसं. बारा माणसं हेही उत्तम शोषक असतात.

खर्च: कॅपेसिटर आणि सफाई १,८००, रिंग ९००, एचडीएमआय केबल ६५०, दांड्या-आकडे १,४००, टीव्ही ९७,५००, स्टँड २,५००, माझी मजुरी ३,०००. एकूण १,०७,७५०. चादरी घरच्या.

अॅम्प कधी बदलायचा हे शोकेसच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलं आहे. येत्या मे महिन्यात उघड्या खणातही तो बंद पडला तर. मुलाने छतात स्पीकर बसवायला खरोखर वायर ओढली तर. किंवा घरात अॅम्पमधूनच फोर-के चित्र न्यावं लागेल असं एखादं यंत्र आलं तर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलगा आला तेव्हा त्याने तो कागद वाचला, आणि खाली पेनने चौथी ओळ लिहिली: 'बाबांना कानाचं यंत्र आवडलं तर.'

काका ते यंत्र अजून खिशात ठेवतात. सामना असला की लावतात.